तळ्याची बिनकामाची फेरी

आमच्या फाट्यावरून सकाळची एस.टी. निघाली, तेव्हा संत्र्याची झाडे दिसेनाशी होईपर्यंत मी मागे वळून बघत होते. शेजारी माझा मुलगा वसंता. आठ दिवसांआधी मी विहिरीजवळ भोवळ येऊन पडले, म्हणून तो मला नागपूरला न्यायला आला होता. डॉक्टरला दाखवू, एवढेच तो घरी बोलला होता. काटोल मागे पडल्यावर मात्र म्हणाला की संत्र्याचा बगिचा आता काकाला बटईने (वाट्याने) देऊ, तू एकटी राहू नको, आमच्याकडेच राहा. मला बोलायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात लोकांचे ठरून जाते.

वसंताचे घर सक्करदऱ्याला आहे. दोन खोल्या, समोर नळ. सून शोभा मनाची चांगली, पण मी झाडू हातात घेतला की काढून घ्यायची. भाजी निवडायला बसले तर ताट उचलायची. चार दिवसांत माझे गुडघे असे आखडले की उठताना भिंत धरावी लागू लागली.

डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या होत्या. वसंता गोळ्या आणायला बाहेर गेला तेव्हा त्या मला म्हणाल्या, रक्तदाब वाढला आहे, गोळी चुकवू नका, मीठ-लोणचे कमी करा आणि रोज सकाळी तासभर चाला. महिन्याने तपासू, मग गावी जायचे बघू.

आता चालायचे कसे? आमच्याकडे बाई रस्त्याने दिसली तर तिच्या डोक्यावर पाण्याचा गुंड असतो, हातात विळा असतो, नाहीतर कडेवर लेकरू असते. नुसतेच फिरणे हे काठीवाल्या पेन्शनर पुरुषांचे काम. सुनेला "मी फिरून येते" म्हणायची मला लाज वाटली. मी खुंटीवरची कापडी पिशवी घेतली आणि सांबार (कोथिंबीर) आणते म्हणून निघाले.

पण वळले ते जवळच्या तळ्याकडे. तिथे धुके होते. पाण्याच्या कडेला बगळे उभे होते आणि एक धोबी कपडे आपटत होता. पहिल्या दिवशी मी अर्ध्यातच दमले. येताना सांबार घेतले. पण रोज किती सांबार आणणार? मग रिकाम्या हाताने परतू लागले, आणि शोभाने विचारले की म्हणायचे, "विसरली वं बाई."

सातव्या-आठव्या दिवशी एका उंच, सडसडीत बाईने मला तळ्यावर गाठले. गौराबाई तिचे नाव, शाळेत चपराशीण होती, आता घरीच.

"काहून वं, बाजार तिकडे, आन तू रोज इकडे काय करून राहिली?"

मी पिशवी पदराखाली घेतली. ती हसायला लागली. म्हणाली, "लपवू नको. मीबी पयले दुधाचा डबा घेऊनच निघत होती. दूध तं घरीच येत होतं."

त्या दिवसापासून आम्ही जोडीने चालू लागलो. एकदा ती मला घरी घेऊन गेली. भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली स्वच्छ सारवलेली चूल. तिने शिळ्या भाकरीचा कुस्करा कांदा-सांबार घालून फोडणीला दिला. मीठ माझ्यासाठी बेतानेच घातले होते, तरी चव गेली नव्हती. बोलता बोलता तिच्या नवऱ्याच्या जुन्या फजित्या ऐकून मी इतकी हसले की डोळे पुसावे लागले. मी शेवटची कधी अशी हसले, ते काही केल्या आठवेना.

महिना भरला. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, काटा बघितला, आणि छान आहे म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच वसंता म्हणाला, "पण बाई, आईला विसर पडून राहिला. रोज सांबार आणायला जाते आणि तसंच येते. शोभा घाबरून गेली. अशीला गावी एकटी कशी ठेवू?"

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघत थांबल्या. आता गप्प बसले तर बगिचा गेलाच, एवढे मला कळले.

"मी विसरली नाही," मी म्हटले. "मी बाजारात गेलीच नाही. मी तळ्याले चकरा मारत होती. आता तीन होतात."

"मग पिशवी कशाले?" वसंता म्हणाला.

"नुसती फिराले जाते म्हणाची लाज वाटे, बापा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि पोटभर हसल्या. मग वसंताला म्हणाल्या, तीन चकरा तुम्हाला तरी होतील का? घेऊन जा यांना गावी. गोळ्या चालू ठेवा, दोन महिन्यांनी आणून दाखवा.

शोभाला घरी सांगितले तर ती आधी रुसली, मग पदर तोंडाला लावून हसली. जाताना गौराबाईने मला तळ्यापर्यंत नेले आणि हात धरून नुसती उभी राहिली.

परतीला वसंता सोबत होता. फाट्यावर उतरलो तर बैलगाडी आलेली नव्हती. तो थांबू म्हणाला. मी चालू लागले. ऊन कोवळे होते, दोन्ही बाजूंना मृगाच्या बहाराची संत्री पिवळी पडायला लागली होती. या वाटेने मी चाळीस वर्षे गेले असेन, पण नेहमी काहीतरी पोचवायच्या घाईत. मन असे हलके घेऊन कधी नाही. म्हातारपण म्हणजे एका जागी बसणे, असे मीही धरूनच चालले होते. ते तसे नाही, हे वेळेत कळले, याचेच बरे वाटत होते.

नाल्याजवळ मागून येणाऱ्या चपलांचा आवाज थांबला. वळून बघितले तर वसंता बाभळीखाली दगडावर बसून घाम पुसत होता.

"काहून गा, दमला?"

"जरा बस ना, आई."

"तू बस," मी म्हटले. "मी चूल पेटवते, ये तू मागून."