तीन घड्यांचं पोस्टर

ऑरिन ट्यूक्सबरीने होल्योकच्या पुठ्ठ्याच्या कारखान्यात सदतीस वर्षं खोकी कापायच्या आणि दुमडायच्या यंत्रावर काढली. निवृत्त झाल्यावर माणसं मासे धरतात, टोमॅटो लावतात. ऑरिनने चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीतून १८८९ सालची बेसबॉलची मार्गदर्शिका घरी आणली. खिशात मावेल एवढं पुस्तक, आत खेळाचे नियम, मागच्या हंगामाचे आकडे आणि घडी करून ठेवलेलं शिळाछापाचं एक पोस्टर. त्यावर नऊ खेळाडू होते, नऊही मिशाळ.

त्याने ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडलं आणि बायकोला, डेल्फीनला, हाक मारली.

"हे कोणा पुस्तकबांधणीवाल्याचं काम नाही," तो म्हणाला. "कागदाचे तंतू उभे धावतायत आणि घडी घातलीय आडवी. बघ, कशी चरचर फाटलीय. कारखान्यात असं केलं असतं तर मुकादमाने मला दारात उभं केलं नसतं."

"शंभर वर्षांपूर्वीच्या मुकादमाशी भांडायचंय का तुला?" डेल्फीन म्हणाली. "उचल ते. जेवण वाढायचंय."

पण तो विषय त्याच्या डोक्यातून गेला नाही. अशी पुस्तकं जमवणाऱ्यांचं एक मंडळ होतं, त्याचे प्रमुख प्रेंटिस हेल. ऑरिनने विचारल्यावर त्यांनी पत्राने कळवलं की पोस्टर बोस्टनच्या प्रकाशकानेच पुस्तकासोबत दिलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ऑरिनने ते पत्र मला दाखवलं. मी तेव्हा शहराच्या ग्रंथालयात जुन्या कागदपत्रांची खोली सांभाळायचे.

"सगळ्यांना ठाऊक आहे म्हणजे कोणी बघितलेलं नाही," तो म्हणाला. "याला सुईचं एक भोक नाही की डिंकाचा डाग नाही. हे नंतर कोणीतरी आत सरकवलंय."

मंगळवार-गुरुवार तो खिडकीजवळच्या टेबलावर येऊन बसू लागला. ज्यांच्याकडे त्या सालचं पुस्तक होतं अशा सगळ्यांना त्याने पत्रं घातली. तुमच्या प्रतीत पोस्टर आहे का? असल्यास घड्या किती? पुस्तक मुळात कुठल्या गावचं? अकरा उत्तरं आली. ओहायो, मेरीलँडकडच्या प्रतींत पोस्टर नव्हतंच. ज्या सहा प्रतींत होतं, त्या सहाही आमच्या नदीकाठच्या गावांतल्या निघाल्या. घड्या मात्र कुणाच्यात तीन, कुणाच्यात चार, आणि एकात तर तिरपी. म्हणजे हे इथल्याच कुणा दुकानदाराने हाताने घड्या घालून आत सरकवलेलं.

पोस्टरच्या कोपऱ्यात 'सी. बी.' अशी बारीक अक्षरं होती. त्या वर्षीच्या शहरातल्या दुकानदारांच्या नामावलीत बॅट-चेंडू विकणारे चौघे सापडले आणि ही अक्षरं त्यांतल्या एकाचीच होती. कॉर्नेलियस ब्रॉफी, हत्यारं आणि लोखंडी सामान.

"ब्रॉफी?" मी म्हटलं. "अहो, त्यांची धाकटी मुलगी अजून आहे. अ‍ॅग्नेस. त्र्याण्णव वर्षांची. टेकडीवर राहते."

आम्ही दोघं गेलो. मिस ब्रॉफींनी दार स्वतः उघडलं, ऑरिनचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "एवढ्यासाठी अकरा जणांना पत्रं? आधी मला विचारायचंस की."

"तुम्ही आहात हेच माहीत नव्हतं, बाई."

"ते बाकी खरं. बोस्टनहून पुस्तकांचे गठ्ठे यायचे. सगळ्याच दुकानांत तीच पुस्तकं. मग आमच्या बापाने पदरचं पोस्टर छापून घेतलं, की गिऱ्हाईक इकडेच यावं. घड्या घालायला आई आणि माझ्या दोघी बहिणी, स्वयंपाकघरात. मी पाळण्यात होते, पण आई जन्मभर सांगायची. ती तीन घड्या घालायची, नोरा चार. आणि कॅथलीनचं अर्धं लक्ष खिडकीबाहेर."

"तिरपी घडी," ऑरिन हळूच म्हणाला.

"कॅथलीनचीच. शिवणसुद्धा तशीच होती तिची."

मग त्यांनी त्याला निजायच्या खोलीतल्या कपाटापाशी नेलं. "खालचा खण. माझे आतले कपडे आहेत, तोंड तिकडे कर." कपडे उचलून त्यांनी पलंगावर ठेवले. खणाच्या तळाला, लोखंडी खिळे मारून, तेच पोस्टर अंथरलं होतं. एकही घडी नसलेलं. नऊही मिशा ताज्या. ऑरिन गुडघ्यावर बसला. त्याने मापं घेतली, कागदावर बोट फिरवून तंतूंची दिशा पाहिली.

"काढून ने हवं तर," मिस ब्रॉफी म्हणाल्या.

"नको. इथे छान जपलं गेलंय."

त्याचा चार पानांचा लेख मंडळाच्या पत्रिकेत आला. प्रेंटिस हेल यांनी खाली एक ओळ जोडली, की आपली समजूत चुकीची होती, आणि एवढं त्यांनी लिहिलं हे मला आवडलं. ऑरिनने तो अंक आधी टेकडीवर नेऊन दिला. मिस ब्रॉफींनी भिंग लावून वाचला आणि कॅथलीनचं नाव छापून आलं म्हणून खूश झाल्या. कॅथलीन बिचारी तिशीतच गेली होती.

आता गुरुवारी ऑरिन ग्रंथालयात येत नाही. डेल्फीन मैद्याच्या पारीत डुकराचा खिमा भरून 'पाय' भाजते, तो घेऊन दोघं टेकडीवर जातात आणि तिघं मिळून पत्ते खेळतात. डेल्फीन म्हणते, मिस ब्रॉफी फसवतात. ऑरिन म्हणतो, फसवू देत, या वयात हात बघ कसे चालतात.