गाळलेलं पाणी

मायाक्काइतकी चोख बाई उजनीच्या काठाला दुसरी नसेल. तिच्या कळशीवर झाकण नाही असं कधी घडलं नाही, आणि गाळल्याशिवाय पाणी तिनं दारच्या कुत्र्यालाही पाजलं नाही. टेंभुर्णीचा रफीक बॅटरीवाला तिच्या हातच्या चहासाठी मुद्दाम वाट वाकडी करून यायचा. "वहिनी, तुमच्या घरात माशी बी पाय पुसून येती," असं म्हणून तिला चिडवायचा. एवढं चोखपण एखादीला कुठं नेऊन सोडेल, कुणाला ठाऊक होतं!

तिचा नवरा बिरदेव. घराणं मूळचं मेंढपाळांचं. रानं धरणात बुडाली तेव्हा बापानं मेंढरं विकून होडी घेतली आणि मेंढरांमागं पळणारी पोरं जाळी टाकायला शिकली. वल्ही मारून मारून बिरदेवचा खांदा निकामी झाला, तेव्हा रफीकनं होडीला बॅटरीवर चालणारी लहान मोटर बसवून दिली. तिथपासून दोघांची दोस्ती. बिरदेव बॅटरीला दुभत्या म्हशीसारखं जपायचा. होडीतून उतरवली की आधी पुसायची, टोकांवरचा पांढरा-हिरवा फुलोरा सोड्याच्या कोमट पाण्यानं धुवायचा, वर व्हॅसलिन लावायचं, बुचं उघडून चार्जिंगला लावायची, आणि आतलं पाणी उतरलं असेल तर बाटलीतलं घालायचं. ती सरबताची जुनी बाटली रफीक दुकानातून डिस्टिल्ड पाण्यानं भरून द्यायचा. बॅटरीला तेच खास पाणी लागतं, दुसरं चालत नाही, हे त्या दोघांना इतकं पक्कं माहीत होतं की घरात ते कुणी कधी बोललंच नाही.

मग बिरदेवला झटका आला. उजवं अंग लुळं पडलं, बोलणं गेलं. एखादा शब्द सुटायचा, तोही चावलेला. खाटेवरून तो कोपऱ्यातल्या बॅटरीकडं बघत राहायचा. ती नजर मायाक्काला बरोबर कळायची. बघून बघून ती सगळं शिकली होती. पुसायची, धुवायची, बुचं उघडून चार्जिंगला लावायची, चार्जरचा हिरवा दिवा त्याला दाखवायची. "पा... पाणी?" तो विचारायचा. "घातलं की," ती म्हणायची, आणि त्याचा अर्धा चेहरा हसायचा.

त्याचं आता एकच मागणं उरलं होतं. त्यांच्या बिरोबाचं देऊळ धरणाच्या पोटात होतं. दरसाल त्या जागेवर होडी नेऊन तो पाण्यावर भंडारा टाकायचा. यंदा ते राहिलं होतं. डाव्या हातानं तो भंडाऱ्याची पिशवी दाखवायचा, मग पाण्याकडं बोट करायचा.

"नेते तुमाला," मायाक्का म्हणाली. "बॅटरी तयार हाय. मी हयगय केली न्हाय."

एका सकाळी शेजाऱ्यांनी बिरदेवला उचलून होडीत बसवलं. रफीकही आला होता. मायाक्कानं बटण दाबलं. मोटर घुमली, होडी हलली, आणि काठापासून हाकेच्या अंतरावर गप्प झाली. वल्ह्यानं नेऊ म्हणाले शेजारी, पण वारा उठला होता आणि देऊळ लांब होतं. रफीकच म्हणाला, "कशाला जिवाशी खेळ? उद्या दुसरी बॅटरी आणतो. बिरोबा काय पळून जातोय व्हय?"

बिरदेवला परत आणलं. डाव्या मुठीतला भंडारा त्यानं सोडला नाही.

घरी रफीकनं बुचं उघडून आत बघितलं. आत गढूळ पाणी, पट्ट्यांवर खाराचा थर.

"वहिनी, पाणी कुटलं घालत हुता?"

"धरणाचं की. बाटली संपली, मग नवी कळशी केली त्याच्यासाठी. दुहेरी फडक्यातनं गाळून घालते. का वो?"

रफीकनं वर बघितलं. खाटेवरून बिरदेव त्याच्याकडंच बघत होता. त्यानं ऐकलं होतं आणि त्याला कळलं होतं. त्यानं हळूच मान हलवली. नको, सांगू नको.

"काय न्हाय," रफीक म्हणाला. "बॅटरीच जुनी झालती. वय झालं तिचं."

दुसऱ्या दिवशी तो मोटरसायकलला नवी बॅटरी बांधत होता तेव्हा फोन आला. बिरदेव पहाटे गेला होता. रफीक तिथंच दुकानाच्या पायरीवर बसून पोरासारखा रडला. वल्ह्यानं नेऊ म्हणाले होते, यानंच अडवलं होतं.

सुतक फिटल्यावर मायाक्काचा निरोप आला. होडी ती स्वतः चालवणार होती, आणि सगळ्यात आधी भंडारा टाकायला जाणार होती. रफीकनं रात्रंदिवस विचार केला होता. बॅटरी दिली की पाणी कुठलं घालायचं ते सांगणं आलं, आणि ते सांगितलं की ही बाई उभी मोडेल. म्हणून त्यानं डोकं लढवून बंद डब्याची बॅटरी आणली, पाणी घालावंच न लागणारी.

मायाक्कानं बॅटरी पदरानं पुसली. फिरवून फिरवून बघितली.

"हिला बुचं कुटं हायती?"

"न्हाईत. हिला पाणी लागत न्हाय, वहिनी. कुटलंच."

तिचा हात बॅटरीवरच राहिला.

"मग तिला कुटलं लागत हुतं, भाऊ?"

रफीकनं तोंड उघडलं. जुनी झालती, एवढंच म्हणायचं होतं. ते निघालं नाही. मायाक्का त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"गाळून घालत हुते वो मी," ती म्हणाली. "दुहेरी फडक्यातनं."

मग तिनं विचारलं, "त्यास्नी कळलं हुतं?"

रफीकला तिच्याशी आता खोटं बोलवेना. त्यानं होकाराची मान हलवली.

मायाक्का झाकलेल्या कळशीकडं बघत होती.

"आन् तरी जाताना," ती म्हणाली, "माज्याच हातनं पाणी मागितलं त्यांनी."