नीट चुकलेली उदाहरणं

कॅनडातल्या कनाटा या उपनगरातल्या एका कंपनीने मला घेतलं ते प्रोग्राम लिहायला नाही, प्रोग्रामबद्दलचं पुस्तक दुरुस्त करायला. पुण्यात मी सहा वर्षं प्रोग्रामिंग केलं होतं. पण इथे आल्यावर आठ महिने प्रत्येक मुलाखतीत "कॅनेडियन एक्स्पिरियन्स आहे का?" हे ऐकून माझे कान किटले होते. त्यामुळे डॉक्युमेंटेशन विभागातलं सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट समोर आलं तेव्हा मी नाक न मुरडता सही केली. मनातल्या मनात मुरडलं, ते वेगळं.

नवरा तेव्हा वॉनला होता, गाडीने साडेचार-पाच तासांवर. नागपूरचा मेकॅनिकल इंजिनिअर, पण तिथल्या एका वेअरहाऊसमध्ये खोकी स्कॅन करत होता आणि आणखी दोघांबरोबर एका खोलीत राहत होता. मी कनाट्यात एका बेसमेंटमध्ये. आमचं ठरलेलं होतं: माझी नोकरी पर्मनंट झाली, की त्याने तिकडचं सगळं सोडून इकडे यायचं. नाही झाली, तर मी वॉनला जायचं आणि मिळेल ते करायचं. मॅनेजरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, की पुस्तक कंपनीच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती निघायच्या आधी नीट झालं तर त्या मला ठेवून घेतील. त्यामुळे रोज संध्याकाळी फोनवर त्याचा पहिला प्रश्न एकच असायचा, "काय गं, काही कळलं का?"

कंपनी कंपायलर बनवायची. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राला कळेल अशा भाषेत उतरवणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. तुमचं लिखाण साफ चुकलं तर तो एरर देतो, म्हणजे दारातूनच परत पाठवतो. पण लिखाण नियमात बसतंय आणि तरी काहीतरी गडबड वाटतेय, अशा वेळी तो वॉर्निंग देतो. वॉर्निंग म्हणजे घरात घेऊन, चहा देऊन मग मारलेला टोमणा. पुण्यात आमच्या साहेबांना पडद्यावर एकही वॉर्निंग दिसलेली चालायची नाही, म्हणून आम्ही सगळे ती गप्प करण्यात पटाईत झालो होतो. ती का आली होती हे बघायला वेळ कुणाला होता?

माझ्याकडे आलेल्या पुस्तकात अशा दोनशेच्या वर वॉर्निंग्ज होत्या. प्रत्येकीला एक पान. पानावर एक चुकीचं उदाहरण, जे चालवल्यावर ती वॉर्निंग यायला हवी, आणि खाली दुरुस्त केलेलं, ज्यावर ती येता कामा नये. तक्रार अशी होती, की गिऱ्हाईकं उदाहरणं चालवून बघतात आणि पुस्तकात लिहिलंय तसं होत नाही. मला वाटलं, पंधरा दिवसांचं काम.

चुकीचा प्रोग्राम मुद्दाम लिहिणं किती अवघड असतं हे मला तेव्हा कळलं. उदाहरण चुकायला हवं, पण एकाच जागी आणि एकाच प्रकारे. नाहीतर एकीच्या जागी तीन वॉर्निंग्ज येतात आणि वाचणाऱ्याला कळतच नाही कुणाकडे बघायचं. आयुष्यभर चुकू नये म्हणून धडपडलेली मी आता दिवसभर बसून नीट कसं चुकायचं याचा विचार करत होते, आणि खरं सांगायचं तर मला त्यात भलती मजा यायला लागली. घरी बसने जातानासुद्धा मी नवनवीन चुका रचत असायचे.

दुसरी मजा म्हणजे जुनी उदाहरणं. लिहिणाऱ्याने नाव घातलं नव्हतं, पण तो लपलाही नव्हता. बहुतेक लोक उदाहरणात अ, ब, क अशी नावं देतात. याच्या उदाहरणांत भरती होती, ओहोटी होती, फेरीबोटीचे उतारू होते, लॉबस्टर धरायचे सापळे होते. समुद्रकाठचा माणूस, मी म्हटलं, आणि घरात कुणीतरी कोळी. मग चौकशी केल्याशिवाय मला चैन पडेना. नको तिथे नाक खुपसायची सवय आहे माझी. कंपायलरवर काम करणाऱ्यांत सर्वांत जुना इंजिनिअर निघाला तो, खिडकीजवळ बसणारा, साठीला आलेला, हॅलिफॅक्स बंदरातला. वडील मासेमारी करायचे. मी एकदा जाऊन ओळख करून घेतली. त्याने मान हलवली आणि परत स्क्रीनकडे बघायला लागला. बोलका नव्हता.

दोनशे पानं हाताने तपासायची म्हणजे जन्म गेला असता. म्हणून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली: पुस्तकातलं प्रत्येक उदाहरण उचलायचं, कंपायलरला द्यायचं, आणि अपेक्षित वॉर्निंग आली की नाही ते सांगायचं. जुळलं तर हिरवं, नाही तर लाल. पहिल्या दिवशी जवळजवळ तिसरा हिस्सा लाल. मग मी एकेक पान घेऊन बसले. कुठे एक ओळच गळलेली, कुठे छपाईत कंस उडालेला, कुठे वॉर्निंगचा नंबर बदललेला. लालाचं हिरवं होताना बघण्याचं मला व्यसन लागलं.

सापळ्यांचं उदाहरणही लाल होतं. त्यात सापळे मोजायची एक छोट्या जातीची, म्हणजे कमी जागेत मावणारी संख्या होती, शून्याखाली जाऊच न शकणारी. सापळे शून्य किंवा त्याहून जास्त आहेत तोवर एकेक कमी करत राहा, असं त्यात लिहिलेलं. पण संख्या शून्याखाली जाणारच नसेल तर हे कधी थांबायचंच नाही. त्यावर वॉर्निंग यायला हवी होती आणि येत नव्हती. मी थोडं इकडचं तिकडे करून बघितलं. छोट्या जातीची संख्या काढून तशीच शून्याखाली न जाणारी, पण मोठ्या जातीची घातली, की वॉर्निंग येत होती. घातली. हिरवं झालं. पुढचं पान.

एका गुरुवारी सगळं हिरवं झालं. मॅनेजरबाई माझ्या खुर्चीमागे उभ्या राहून खाली-वर सरकणारी हिरवी यादी बघत होत्या, म्हणाल्या, सोमवारी पर्मनंटचं पत्र देते. संध्याकाळी फोनवर मी नवऱ्याच्या प्रश्नाची वाटच बघितली नाही. "झालं रे काम," म्हटलं. "सोमवारी लेटर." तिकडून बराच वेळ नुसता हसण्याचा आवाज येत राहिला.

शुक्रवारी दुपारी हॅलिफॅक्सवाला पहिल्यांदाच माझ्या टेबलाशी आला. हातात सापळ्यांच्या पानाचा प्रिंटआऊट.

"ही संख्या तू का बदललीस?" त्याने विचारलं.

"वॉर्निंग येत नव्हती," मी म्हटलं. "आता येते."

"मी लिहिलं तेव्हा येत होती."

मग त्याने थोडक्यात काय झालं ते सांगितलं. उदाहरण बरोबर होतं. ते एका गिऱ्हाइकाच्या खऱ्या चुकीवरून लिहिलेलं होतं. मधल्या काळात कुणीतरी कंपायलर वेगवान केला, आणि त्या गडबडीत छोट्या संख्यांवरची ती वॉर्निंग मुकी झाली. छोट्या पेटीतला माल कंपायलर आता आधी एका मोठ्या पेटीत ओतत होता, त्या पेटीला उणे चालतं, म्हणून त्याला सगळं ठीकच वाटत होतं. वॉर्निंग्जची वेगळी तपासणी कुणी ठेवलीच नव्हती. काहीतरी बिघडलंय हे सांगणारं त्या अख्ख्या इमारतीत एकच पान होतं, आणि मी ते हिरवं करून टाकलं होतं. रोग रेड्याला आणि औषध पखालीला. पुण्यात मी वॉर्निंग गप्प करायचे, इथे मी ती गप्प झाल्याचा पुरावाच गप्प केला.

"अशी आणखी किती बदललीस?" त्याने जाता जाता विचारलं.

"बघते," मी म्हटलं.

शनिवार-रविवार मी बेसमेंटमध्ये जुनं आणि नवं पान शेजारी शेजारी ठेवून बसले. मला लाज वाटत होती आणि भीतीही. सांगितलं तर पुस्तक लांबणार, आणि नोकरी पुस्तकावर टांगलेली. नाही सांगितलं तर कुणाला कळणार होतं? त्या म्हाताऱ्याला एक पान खटकलं, तेवढं परत जसंच्या तसं केलं की मिटलं. असा विचार मी चांगला दोन तास केला, उगाच साळसूदपणा कशाला दाखवू. पण शोधायला लागल्यावर थांबवेना. प्रत्येक पानावर आता मला वेगळाच प्रश्न पडत होता: ही माणसाची चूक की यंत्राची? शनिवारी चार सापडली, रविवारी दुपारपर्यंत सात. नवऱ्याचा फोन आला तेव्हा त्याने विचारलं, "आवाज का असा?" "सर्दी झालीय," मी म्हटलं.

सोमवारी सकाळी कोट न काढताच मी खिडकीजवळ गेले आणि सात पानांची यादी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती वाचली, खणातून स्वतःचा एक कागद काढला आणि माझ्या यादीशेजारी ठेवला. त्याच्या कागदावर आठ पानांचे आकडे होते. शुक्रवारीच त्याने माझी स्क्रिप्ट घेऊन जुनं पुस्तक जुन्या आणि नव्या, दोन्ही कंपायलरवर चालवून ताडून बघितलं होतं.

"आठवं कुठलं?" माझ्या तोंडून पटकन गेलं. नोकरी, पत्र, नवरा, त्या क्षणी काही आठवलं नाही. तो गालात हसला आणि त्याने खुर्ची बाजूला सरकवून मला जागा करून दिली. आठवं फेरीबोटीचं होतं. ते बघायलाच अर्धा तास गेला.

मग मी मॅनेजरबाईंकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आठ वॉर्निंग्ज दुरुस्त होईपर्यंत पुस्तक बाहेर जाणार नाही, म्हणाल्या, आणि पुस्तक बाहेर गेल्याशिवाय पर्मनंटसाठी वर शब्द टाकता येणार नाही. कॉन्ट्रॅक्ट तीन महिने वाढवून देते, तोवर हिरव्या झालेल्या बाकीच्या पानांपैकी किती खरोखर हिरवी आहेत ते शोध. पुढचं पुढे. टेबलावर एक पाकीट होतं, ते त्यांनी खणात टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत पार्किंग लॉटमध्ये उभं राहून मी नवऱ्याला फोन केला. सगळं सांगितलं. सापळे, सात, आठ, तीन महिने. सर्दी नव्हती हेही सांगितलं.

"तर तू आता घाई करू नकोस," मी शेवटी म्हटलं. "खोली राहू दे. तीन महिन्यांनी बघू."

"खोली सोडली मी," तो म्हणाला. "वेअरहाऊसलाही नोटीस दिली. शुक्रवारीच."

"अरे, पण लेटर हातात आलं नव्हतं ना माझ्या. थांबायचं तरी."

"लेटरचं काय घेऊन बसलीस," तो म्हणाला. "तू गुरुवारी म्हणालीस, झालं काम. तू झालं म्हणालीस म्हणजे झालेलंच असतं. म्हणून नाही थांबलो."