टोपण लावून विचारलेला प्रश्न

दिगंबरअण्णा गेल्याचं मला बाजारात कळलं, तेही परक्या माणसाकडून. मी मेथीची जुडी निवडत होतो. शेजारचा गृहस्थ भाजीवालीला म्हणाला, "दिगंबर वकील गेले की सकाळी. झोपेतच." तीस वर्षांची मैत्री, आणि घरून मला निरोप यावा एवढंही आमच्यात उरलं नव्हतं... यात दोष त्यांचा नाही. दोन वर्षं मीच त्यांच्या दारावरून तोंड फिरवून जात होतो. आज महिना होत आला. हे लिहिलं नाही तर मला चैन पडणार नाही.

अण्णा तुळजापूरच्या कोर्टात वकिली करत. मोठे खटले त्यांच्याकडे फारसे नसत. दारू पिऊन गाडी चालवताना सापडलेली माणसं मात्र हमखास त्यांच्याच पायऱ्या चढत. सगळ्यांचे प्रश्न तेच. गाडी कधी सुटंल? लायसन जाईल का? कबूल केलं तर एका दिवसात मिटतं म्हणतात, खरं का? अण्णा सांगत, "दंड भरून तू मोकळा होशील, कागद मोकळा होत न्हाय. पुन्हा सापडलास तर तोच कागद तुझ्याविरुद्ध उभा राहतो." मग ते स्वतः दोन प्रश्न विचारून उत्तरं लिहून घेत. पोलिसांनी किती वाजता धरलं आणि डॉक्टरांनी किती वाजता तपासलं? सह्या कशाकशावर केल्या? ते झालं की सोबतच्या नातेवाइकांना बाहेर बसवत, पेनाला टोपण लावत आणि तिसरा प्रश्न विचारत, "पिला होतास का?" मला एकदा म्हणाले होते, "मास्तर, ह्या उत्तराला कागद नसतो. ते माझ्याबरोबरच जायचं."

माझा धाकटा भाऊ बाळू अणदूरला मी शिकवतो त्याच शाळेची जीप चालवायचा. पिण्यापायी घरात रोजची कटकट होती, म्हणून आईनं त्याला खंडोबापुढं उभं केलं आणि पुन्हा पिणार नाही अशी शपथ म्हणून बेल-भंडारा उचलायला लावला. आमच्याकडं एकदा भंडारा उचलला की त्यापुढं कुणी बोलत नाही. सहा महिने बरे गेले. मग एका लग्नाचं जेवण उरकून, पोरांना आणायला रिकामी जीप घेऊन निघालेला बाळू भर दुपारी सापडला. पोलिसांचं यंत्र म्हणत होतं, पिलाय. बाळू म्हणत होता, थेंब न्हाय. सुटून घरी आल्यावर त्यानं आईसमोर पुन्हा भंडारा उचलला, आणि माझ्यापुरता निकाल तिथंच लागला. मी विज्ञान शिकवणारा मास्तर. यंत्र खोटं आणि भंडारा खरा, हे मी एका क्षणात मान्य केलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही अण्णांकडं गेलो. मला त्यांनी बाहेर बसवलं, थोड्या वेळानं आत बोलावलं. म्हणाले, "कबूल करावं असं माझं मत आहे. लायसन काही दिवस जाईल. जाऊ द्या. गाडीत पोरं असतात, मास्तर."

"अण्णा, त्यानं बेल-भंडारा उचललाय. माझ्या भावाला तुम्ही खोटा म्हणताय?"

"मी काही म्हणत न्हाय."

बाळूही लढायचंच म्हणाला, तेव्हा अण्णा लढले. यंत्राच्या कागदावरची वेळ आणि डॉक्टरांच्या कागदावरची वेळ यांचा मेळ बसेना, आणि संशयाचा फायदा मिळून बाळू सुटला. बाळू पिला नव्हता असं अण्णा कोर्टात एकदाही बोलले नाहीत, निकालातही तसं कुठं नव्हतं. मला ते तेव्हा दिसलं नाही. डोळ्यांवर भंडारा होता ना! आई त्यांच्या घरी गेली, त्यांच्या कपाळाला भंडारा लावून म्हणाली, "माज्या लेकराची आण तुमी खरी केली." अण्णांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, भक्तीनं.

पुढं घरात बाळूला काही बोलायला कुणाला तोंडच उरलं नाही. बाळूच्या तोंडाला वास आला तरी मी म्हणायचो, खोकल्याचं औषध असेल. देवानं सोडलेला, कोर्टानं सोडलेला माणूस! दीड वर्षानं जीप खड्ड्यात गेली आणि चौथीतल्या एका मुलीचा हात कोपरात मोडला. तो हात अजून सरळ होत नाही. ती वर्गात डाव्या हातानं लिहायला शिकली, आणि ते मी रोज पाहतो.

मी पुन्हा अण्णांकडं धावलो. ते म्हणाले, "ह्या वेळी दुसरा वकील बघा. कारण विचारू नका." मी त्यांना नको नको ते बोललो. अडचणीत पाठ फिरवणारा, असंही म्हणालो. ते ऐकून घेत राहिले. त्यानंतर आम्ही बोललो नाही.

तेराव्यानंतर अण्णांच्या पत्नीचा, वहिनींचा निरोप आला, पक्षकारांचे कागद परत करायचेत, जरा बसता का? वहिनींना माझा राग नव्हता, याचीच मला जास्त लाज वाटली. गठ्ठ्यात बाळूची फाइल निघाली. अण्णांच्या गोल अक्षरात दोन प्रश्न, दोन उत्तरं, आणि खाली कोरी जागा. इतरांच्याही फायलींत ती तशीच कोरी होती. तरी माझी नजर तिथून हलेना. निघताना वहिनींनी अण्णांचं पेन माझ्या हातात दिलं.

घरी आलो. आई देवळात गेली होती. बाळू ओसरीवर बसला होता; पुढच्या महिन्यात त्याची तारीख आहे आणि नवा वकील लढू म्हणतोय. मी त्याच्यासमोर बसलो, पेनाला टोपण लावलं.

"बाळू, त्या पहिल्या वेळी पिला होतास का?"

त्यानं पेनाकडं पाहिलं. "व्हय दादा."

"अण्णांना ठाऊक होतं?"

"पयल्याच दिवशी सांगितलं. पाया पडलो, दादाला न् आईला सांगू नका म्हणून. ते म्हणले, मी न्हाय सांगणार, तू सांग. मग दर तारखेला इचारायचे, आज सांगितलंस का?"

माझ्या शिव्या खातानाचा अण्णांचा चेहरा मला आठवला, आणि मी रडलो. एका वाक्यात ते सुटले असते. ते वाक्य त्यांनी बरोबर नेलं.

या वेळी कबूल करतो, असं बाळू म्हणाला. पण कोर्टाआधी त्याला आईला सांगायचं होतं. तेवढ्यात आई देवळातून आली आणि नेहमीसारखा आम्हा दोघांच्या कपाळाला भंडारा लावला. मी डोळे मिटून घेतले.

त्याला आठ दिवस झाले. पेन माझ्या खिशातच असतं. रोज शाळेला निघताना मी ओसरीवर थांबतो आणि बाळूला हळूच विचारतो, "आज सांगितलंस का?"