मुंबई इलाख्याची तब्येत

त्या काळी सबंध मुंबई इलाख्याची तब्येत एकट्या माझ्या आतेच्या दिरांना ठाऊक होती, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. लाटसाहेबांना ती ठाऊक नसावी, कारण हे काका त्यांना दर महिन्याला जे लांबलचक पत्र पाठवत त्याचं उत्तर कधी आलं नाही. "उत्तर कशाला येईल?" काका म्हणत. "काही चुकलं असतं तर लगेच आलं असतं." फणसवाडीतल्या आमच्या चाळीत, आमच्याच मजल्यावर टोकाच्या खोलीत ते एकटे राहत. उभा जन्म बंदरावर कापसाच्या गाठी मोजण्यात गेलेला. नोकरी सुटली तरी मोजायची खोड सुटली नाही. बायको लग्नानंतर दोन वर्षांतच बाळंतपणात गेली. पुन्हा लग्नाचा विषय कुणी काढला की ते गंभीरपणे विचारत, "यंदा सोलापूरकडे पाऊसपाणी कसं आहे?"

सरकारी आकड्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. शहर सुखात आहे की नाही हे शहराकडे बघूनच कळतं, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ते गिरगावातून चालत परळला जात आणि गिरण्यांच्या चिमण्यांचा धूर न्याहाळत उभे राहत. दाट धूर म्हणजे धंदा तेजीत, पातळ धूर म्हणजे काळजी. एका गिरणीचा मालवणी पहारेकरी शेवटी न राहवून म्हणाला, "रोज वर बघून काय लिवतंस रे म्हाताऱ्या?" "मुंबईची नाडी बघतोय," काका म्हणाले. "मगे ती चिमणीत कित्याक बघतंस?" ह्या प्रश्नावर काका घरी येईपर्यंत विचार करत होते. न्हाव्याकडे जाऊन ते दाढी न करता नुसते बसत, कारण मंदी आली की लोक आधी दाढी लांबवतात. लग्नात पंगत उठली की उष्ट्या पत्रावळींमधून फिरून कुणी किती लाडू टाकले ते बघत. आमच्या शेजाऱ्यांच्या मुलीच्या लग्नात वधूपित्याला वाटलं, हा माणूस नावं ठेवायला कारण शोधतोय. तो हात जोडून पुढे आला, तेव्हा काकांनी त्याला पोटाशी धरलं आणि म्हणाले, "अभिनंदन! प्रांत सुखात आहे."

बाहेरगावच्या शहरांची खबर ते पत्रांतून काढत. पुण्याच्या एका आप्ताला त्यांनी विचारलं होतं की टांग्याच्या घोड्यांच्या किती बरगड्या दिसतात. उत्तर आलं: 'सूनबाईंस मुलगा झाला. बारसे थाटात झाले. घोडे बरे आहेत.' काकांनी त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं वहीत उतरवून घेतलं. आई मात्र ते पत्र ऐकून हळहळली. "बारशाला बोलावलंसुद्धा नाही हो ह्यांना," ती मला आत येऊन म्हणाली, आणि त्या दिवशी तिने आमटीची वाटी जरा काठोकाठ भरून पाठवली.

त्यांच्याशी रोज मनापासून बोलणारं माणूस एकच, प्रभादेवीकडून येणारी कोळीण. कुठल्या आळीत पापलेट खपतं, कुठे नुसती सुकट, हे तिच्याकडून काढून घेतल्याशिवाय ते टोपली उचलू देत नसत. "म्हावरा घ्याचा हाय का नुसता इचाराचा हाय?" ती ओरडायची. मग काका दोन बांगडे घ्यायचे आणि वर दहा प्रश्न विचारायचे. हे भांडण सगळी चाळ कठड्याशी उभी राहून ऐके.

मग गाठीचा रोग, प्लेग, आला. आधी मांडवीकडे, मग आमच्या मागच्या गल्लीत. महिन्याभरात चाळ रिकामी व्हायला लागली. जो तो आपली किल्ली काकांच्या हातात देऊन निघाला, कारण काका जाणार नाहीत हे सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं. मी त्यांना आमच्याबरोबर कोकणात चला म्हणून विनवलं. "तब्येत ठणठणीत होती तेव्हा वर्षानुवर्षं लिहीत बसलो," ते म्हणाले, "आणि आता बिघडली तर उठून जाऊ?"

आगबोटीच्या धक्क्यावर ते आले, ते निरोप द्यायला नव्हे, किती माणसं शहर सोडताहेत ते मोजायला. वही उघडून, कानावर पेन्सिल खोचून शिडीशी उभे राहिले. आई त्यांच्यासमोर थांबली. "भाऊजी, अजून चला. तुमचं इथे कोण आहे?" काकांनी मान वर केली नाही. "वहिनी, पुढे व्हा. माझी मोजणी चुकतेय." बोट सुटली तेव्हा धक्क्यावर मोजण्यासारखं कुणी उरलं नव्हतं, तरी ते बराच वेळ वही उघडी धरून उभे होते.

गावी त्यांची कार्डं यायची. 'परळला धूर अगदी पातळ. न्हावी पळाला. कोळीण आज आली. चाळीत गिऱ्हाईक मी एकटाच. भांडली नाही. टोपली ठेवून थोडा वेळ बसली.' पुढच्या कार्डात: 'कोळीण येत नाही.' आणि एकदा: 'आज दिवसभरात चाळीत आवाज झाला तो माझ्या खोकल्याचा. खोकला साधा आहे, काळजी नसावी.' आईने ते कार्ड देवापुढे ठेवलं.

आम्ही परतलो तेव्हा काका निम्मे झाले होते. पण चाळीतल्या एकाही दाराचं कुलूप फुटलेलं नव्हतं. औषध फवारणारे सरकारी लोक आले की हे किल्ल्यांचा जुडगा घेऊन पुढे होत, प्रत्येक खोली स्वतः उघडत आणि मागे राहून भांडीकुंडी पुसून ठेवत. रोज खिडक्या उघडल्या होत्या, सगळ्यांच्या तुळशींना पाणी घातलं होतं. पुढचे काही दिवस काकांचा दरबार भरला. परतलेलं प्रत्येक कुटुंब किल्लीसाठी त्यांच्या दाराशी येई, आणि ते प्रत्येकाला बसवून चहा पाजत. त्यांच्या खोलीत एवढी माणसं मी आधी कधी बघितली नव्हती. एकेक किल्ली गेली तशी माणसंही यायची थांबली.

एक किल्ली राहिली. वरच्या मजल्यावर छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारा एक तरुण आणि त्याची बायको राहत. ती दोघं परतली नाहीत. घरमालकाचा माणूस खोली मागायला दोनदा आला. सबंध बंदरातली गाठ न् गाठ ध्यानात ठेवणारे काका त्याला म्हणाले, "किल्ली कुठे ठेवली, आठवत नाही बुवा." किल्ली त्यांच्या जानव्याला बांधलेली होती.

"काका," मी एका संध्याकाळी विचारलं, "आता इलाख्याची तब्येत कशी आहे?"

"सुधारली," ते म्हणाले. "धूर दाट आहे. लग्नंही निघाली."

"मग लाटसाहेबांना कळवलंत?"

"नाही अजून." त्यांनी तांब्या भरून घेतला. "सुधारली असं लिहायला हात होत नाही. वरची ती पोरगी जाताना म्हणाली होती, काका, तुळशीला एक दिवसाआड घातलंत तरी चालेल. मी रोज घालतो. जास्त तर होत नसेल ना रे?"

ते कठड्याला धरून जिना चढू लागले. मी त्यांच्या हातातला तांब्या घेतला आणि मागोमाग वर गेलो.