शेवंतीमावशीचा ओमानचा दिवस

बस शारजातून निघाली तेव्हा शेवंतीमावशीच्या मांडीवर एक पिशवी होती. तिच्यात चपात्या, सुक्या जवळ्याची चटणी आणि पाण्याची बाटली. पासपोर्ट एजंटच्या माणसानं चढतानाच सगळ्यांकडून काढून घेतला होता. तेव्हापासून हात कुठे ठेवावेत हेच तिला कळत नव्हतं.

कोपरीच्या बाजारात लग्नापासून मासळी विकत आलेली बाई. तिच्या हातांना रिकामपण ठाऊक नाही. शारजात असलेल्या तिच्या लेकीला, निशाला, सातव्या महिन्यात डॉक्टरांनी पलंगावरून उठायचं नाही असं सांगितलं, तेव्हा मावशी आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली. निशाला सासू नाही. जावई दर्शन गोदामात कामाला, सकाळी जातो तो अंधार पडल्यावर येतो. मावशी आली आणि त्या घरात चुलीपुढे कुणीतरी उभं राहिलं. पण तिचा टुरिस्ट व्हिसा संपत आला, आणि उद्या सकाळी निशाचं सिझर ठरलेलं.

एजंट म्हणाला होता, एका दिवसाचं काम. हद्द ओलांडून ओमानात जायचं, नवा व्हिसा फोनवर येईपर्यंत थांबायचं, संध्याकाळी त्याच बसनं परत.

"आनि नाय आला तर?"

"तर तिकडूनच घरी, मुंबईला," तो म्हणाला आणि चहा पिऊ लागला.

"मावशी, पाय हलवू नका ना, अख्खी सीट हलतेय," शेजारची मुलगी म्हणाली. प्रियांका, डोंबिवलीच्या मानपाड्याची. इथे नोकरी शोधायला आलेली, आणि व्हिसा बदलायची ही तिची दुसरी खेप. मराठी ऐकून मावशीला हायसं वाटलं, पण पाय थांबले नाहीत.

"टेन्शन कशाला घेता? मुलुंडच्या टोलनाक्यावर जायचा तेवढाच टाइम जातो."

"टोलनाक्यावरून कोनी मुंबईला परत धाडत नाय."

प्रियांका हसली आणि तिनं कानात इयरफोन घातले.

खिडकीबाहेर डोंगर सुरू झाले. झाड नाही, गवत नाही. खवलं काढलेली मासळी उन्हात मांडून ठेवल्यासारखे. मावशी त्यांच्याकडे बघत होती आणि निशाला पाणी कोण देत असेल याचा विचार करत होती. दर्शननं आज सुट्टी घेतलेली, पण त्याला गॅस पेटवतानाही काडी सापडत नाही.

हद्दीवर उतरा, रांगेत उभे राहा, शिक्का, परत चढा, पुन्हा उतरा, पुन्हा शिक्का. ओमानच्या बाजूला एका कॅन्टीनमध्ये सगळ्यांना बसवलं. एजंटचा माणूस फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता. जेवणाची वेळ झाली तशी मावशीनं पिशवी सोडली. जवळ्याचा वास सुटला आणि दोन टेबलं मागे सरकली.

"अय्यो मावशी, इंटरनॅशनल बॉर्डरवर जवळा?" प्रियांका म्हणाली आणि निम्मी चपाती तिनंच संपवली.

दुपार कलली. फोन येऊ लागले तसा एजंटचा माणूस एकेक पासपोर्ट उचलून नाव पुकारू लागला. प्रत्येकाचं शेवटचं नाव तेवढंच. "थॉमस! रहमान! कांबळे!" प्रियांका टुणकन उठली.

"गोमाजी!"

मावशी दचकली. मान वळवून तिनं मागे पाहिलं. कुणी उठलं नाही.

"गोमाजी! अरे, गोमाजी कौन है?"

इथंही यांच्या नावाचा एक आहे तर. मावशीला इतक्या घोरातही हसू आलं. पदर तोंडाला लावून ती त्या माणसाची वाट पाहू लागली. कसा असेल, तिच्या नवऱ्यासारखाच उंच, की बुटका? तो आलाच नाही. एजंटच्या माणसानं वैतागून तो पासपोर्ट खिशात घातला.

माणसं बसकडे चालू लागली. कॅन्टीन रिकामं झालं. मावशी जागेवरच, पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत.

"मावशी, तुमचं नाव नाही आलं?" प्रियांका दारातून ओरडली.

"नाय गं."

तिनं कोपरीला फोन लावला. नवऱ्यानं पहिल्या घंटीलाच उचलला.

"माजं नाव नाय घेतलं. सगली चालली," तिचा आवाज फाटला. "निशाला काय सांगू आता? आनि तो एक मेला, तोपन येत नाय हाकेला."

"कोन?"

"हाय कोन तरी. तुमच्या नावाचा."



"अगं बाय," तो म्हणाला, "तो मीच. तुज्या पासपोर्टात मीच हाय. आपल्या राकेशनं फारम भरला नव्हता काय? आडनाव कोळी लावायचं का नाखवा, त्याच्यावरून माजं नि भावाचं भांडान झालं, तवा पोरानं शेवंती गोमाजी एवडंच ठेवलं. धाव!"

मावशी धावली. पिशवी टेबलावर, एक चप्पल उंबऱ्यापाशी. बसचं दार मिटत होतं. तिनं पत्र्यावर दोन्ही हात आपटले.

"नाम?" एजंटचा माणूस दारातून वाकला.

नवऱ्याचं नाव लग्नात उखाण्यात घेतलं होतं तेवढंच. त्यानंतर त्याला "अवो" आणि "निशाचा बापूस". तिनं पदराचं टोक तोंडात धरलं.

"नाम बोलो, अम्मा! टाइम नहीं है।"

"गोमाजी!" मावशी ओरडली. बाजाराच्या या टोकाहून त्या टोकाला जायचा तो आवाज. "मैं है गोमाजी! गोमाजी मैं!"

बसमधली माणसं उठून खिडकीशी आली. एजंटच्या माणसानं खिशातून पासपोर्ट काढला, फोटो पाहिला, तिच्याकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "तीन बार बुलाया मैंने!"

"अवो, ऐकलं काय?" प्रियांका जागा करत म्हणाली. तिचं हसू थांबत नव्हतं. मावशीनं तिच्या दंडाला चिमटा काढला. हातातला फोन चालूच होता. पलीकडून खोकल्यासारखं काहीतरी आलं आणि बंद झालं.

परतीच्या काउंटरवर मावशी रांग सोडून दोनदा पुढे गेली, दोनदा मागे आणली गेली. अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला. "गोमाजी?"

"जी," ती लगेच म्हणाली.

शिक्का बसला. बस सुटायच्या आधीच तिनं निशाला फोन लावला.

"आये, कुठंय तू? मना भीती वाटते."

"अलीकडं आलीय. नवऱ्याला सांग, कुकर लाव. आनि तू उठू नको. मी येते, मग तुजी वेणी घालते."

डोंगर मागे पडायला लागले तरी मावशीचे पाय हलतच होते. या वेळी प्रियांकानं पाय आखडून तिला जागा करून दिली.