वगळलेली वस्ती

भाचे तिला ‘शीमावशी’ म्हणायचे आणि ती मनापासून हसायची. साथरोगतज्ज्ञ म्हणजे काय, हे घरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. सासूबाई तर पाहुण्यांना सरळ सांगायच्या, "सून डॉक्टर आहे आमची, पण लोकांच्या पोरांची शी गोळा करत फिरते."

बावीस वर्षं ती तेच करत होती. उंबऱ्यावर बसून आयांना विचारायचं, काल पोराला किती वेळा जुलाब झाले, पाणी कुठलं प्यायलं. मग नमुन्याच्या डब्या बर्फाच्या पेटीत घालून प्रयोगशाळा गाठायची. या कामात तिनं कधी नाक मुरडलं नाही. किळस आली ती तिच्या संशोधन संस्थेच्या चौथ्या मजल्यावर, गालिचा अंथरलेल्या खोलीत.

परदेशी निधीतून अकरा वस्त्यांत पाणी शुद्ध करायची पूड वाटली होती. दोन वर्षं पाहणी चालली. दहा वस्त्यांत जुलाब कमी झाले. नाल्याकाठच्या अकराव्या वस्तीत मात्र वाढले, आणि नऊ मुलं गेली. पूड मिळाली म्हणून तिथल्या बायकांनी पाणी उकळायचं सोडलं होतं, आणि त्या गढूळ पाण्यात पूड चालतच नव्हती.

"ही एक वस्ती फार विचित्र दिसते," संचालक चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "निबंधातून वगळून टाकू."

"सर, नऊ मुलं आहेत ती."

"अगं, नाही कोण म्हणतंय? पण तेवढ्यासाठी सगळ्या कामावर बोळा फिरवायचा?"

निधी देणाऱ्यांतर्फे आलेले पाहुणे गंभीर होऊन म्हणाले, "तळटीप देऊ. म्हणजे प्रामाणिकपणाही राहील."

बिस्किटाचा भिजका तुकडा संचालकांच्या ओठाला चिकटला होता, तो तिला बघवेना.

"मग माझं नाव काढा."

कुणी आग्रह केला नाही. दुसऱ्याच दिवशी नाव निघालं. निबंध गाजला, संचालकांना पुरस्कार मिळाला. समारंभात मागच्या पडद्यावर एका हसऱ्या पोराचा फोटो होता. तो अकराव्या वस्तीतलाच होता.

तिनं आरोग्य खात्याला पत्र लिहिलं, उत्तर आलं नाही. शेवटी स्वतःच वस्तीत गेली. "पुडीच्या भरवशावर राहू नका. पाणी उकळूनच प्या," घरोघर सांगत सुटली.

एका घरातली धाकटी लेक त्या नऊ जणांत होती. तिच्या आईनं शांतपणे विचारलं, "बाई, हे तुम्हाला कधी कळलं?"

"आत्ताच," ती म्हणाली, आणि तोंड कडू झालं. पहिल्या सहा महिन्यांतच आकडे तिच्या डोळ्यांसमोर आले होते. पाहणी संपेपर्यंत निकाल फोडायचा नाही, असा नियम होता. तिनं तो इमानेइतबारे पाळला होता.

आता संचालकांची नव्हे, स्वतःचीच शिसारी येत होती. आठवड्यानं ती पुन्हा त्या दारात गेली.

"मी खोटं बोलले. पाहणीच्या पहिल्या सहा महिन्यांतच कळलं होतं."

"तेव्हा माझी होती," एवढंच त्या आईनं म्हटलं आणि दार लावून घेतलं.

त्याच महिन्यात तिनं राजीनामा दिला. आता ती नगरपालिकेत नळाचं पाणी तपासते. नमुना खराब निघाला की अहवालाची वाट न बघता त्या गल्लीतल्या घरांना फोन करते. त्यावरून तिला दोनदा कारणे दाखवा नोटीस आली आहे.